दाखला हातात आला, तारीख निघून गेली

मार्च २०२५मध्ये आलेलं पत्र असं आहे (त्यातली आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के जागा, फी माफ, सोडतीने मिळणाऱ्या) :

"बाई, आम्ही हडपसरला भाड्याच्या खोलीत राहतो. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, मी घरी फॉल-पिको करते. एकच मुलगी, सप्टेंबर २०१९ची. अंगणवाडीत जाते. तिला आरटीईतून इंग्लिश मीडियमला घालायचं दोन वर्षांपासून ठरलं होतं. गेल्या वर्षी शेजारणीनं उन्हाळ्यात फॉर्म भरला होता, म्हणून मला वाटलं वेळ आहे. जानेवारीत कळलं की फॉर्म सुरू झालेत, तेव्हा घाईघाईनं उत्पन्नाचा दाखला काढायला टाकला. तो २७ जानेवारीला संध्याकाळी मिळाला. तोच शेवटचा दिवस. नेट कॅफेत तासभर बसले, पान उघडेना. दुसऱ्या दिवशी कॅफेवाला म्हणाला, तारीख गेली. घरी येऊन रडले आणि विषय सोडला. नंतर कळलं की तारीख २ फेब्रुवारीपर्यंत वाढवली होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाचा नंबर लागला, पेढे आले. सासूबाई पेढा खाता खाता म्हणाल्या, 'बारावी शिकलेली सून आणली, उपयोग काय?' मिस्टर तेव्हापासून कामापुरतं बोलतात. आता ओळखीचा एक माणूस तीस हजारांत आरटीईची जागा करून देतो म्हणतोय. दुसरी एक शाळा पंचेचाळीस हजार फी सांगते, तीन हप्त्यांत. माझं दोन वाट्यांचं मंगळसूत्र आहे. काय करू? माझ्यामुळे पोरीचं वर्ष वाया गेलं."

— एक आई, हडपसर

बाई,

(तुम्ही मला बाई म्हणालात, मीही तुम्हाला बाईच म्हणते. तेहतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, दुसरी हाक जिभेवर येतच नाही.)

आधी दोन गोष्टी सांगून टाकते, कारण माझं उत्तर छापून येईपर्यंत दिवस जातात आणि सराफाचं दुकान रोज उघडं असतं. मंगळसूत्र मोडायचं नाही आणि गहाणही ठेवायचं नाही. आणि त्या तीस हजारवाल्या माणसाच्या हातात पैसे तर नाहीच, जन्मदाखल्याची झेरॉक्ससुद्धा द्यायची नाही. का, ते पुढे येतं.

आता वर्षाचं बघू. तुमची मुलगी सप्टेंबर २०१९ची. म्हणजे यंदा जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती पाच वर्षं नऊ महिन्यांची असेल. सहावं पूर्ण व्हायला गणपती उजाडणार. पहिलीला सहा पूर्ण हवीत, पण ती ३१ डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतात, म्हणून ती यंदा बसते. बसते एवढंच. वर्गातल्या सगळ्यात लहान चार-पाच पोरांत ती असेल. मी पहिलीचा वर्ग अकरा वेळा घेतलाय. जुलै-ऑगस्टपर्यंत ही लहानगी दुपारी दोननंतर दप्तरावर डोकं ठेवून झोपतात. आम्ही झोपू देतो.

आणि आता जे सांगते ते कागद-पेन्सिल घेऊन वाचा. आरटीईत पहिलीसाठी वय धरतात ते ३१ डिसेंबरला किमान सहा वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं, पाच महिने, तीस दिवस. यंदा, म्हणजे २०२५-२६ साठी, १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुलं पहिलीला चालली. खिडकी बारा महिन्यांची नाही, अठरा महिन्यांची आहे. म्हणून जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला पहिलीची सोडत दोनदा मिळते. हाच हिशेब एक वर्ष पुढे सरकवला की २०२६-२७ साठी १ जुलै २०१९ ते ३१ डिसेंबर २०२० येतं. तुमची सप्टेंबर २०१९ची लेक त्यात आहे. पुढच्या वेळचं पत्रक निघालं की त्यातला वयाचा तक्ता आधी बघायचा, पण आजच्या नियमाने तिची दुसरी पाळी शिल्लक आहे. मे महिन्यात जन्मलेल्या पोराच्या आईला मला हे लिहिता आलं नसतं.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आई पोराला घेऊन यायची, डावा हात डोक्यावरून उजव्या कानाला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं. जन्मतारीख विचारली तर "आखाडात झाला, लई पाऊस होता" असं उत्तर. मग गुरुजी १ जून लिहायचे. महाराष्ट्रात आजही १ जूनला ज्यांचे वाढदिवस असतात त्यांतले निम्मे तरी गुरुजींनी जन्माला घातलेले आहेत. माझ्या नवऱ्याचाही त्यातच.

बरं. तुम्ही गमावलं काय, ते नीट बघा. तुमच्या मनात चित्र असं आहे की इंग्लिश मीडियमच्या एका बाकावर तुमच्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं आणि तुमच्या हलगर्जीपणामुळे ते पुसलं गेलं. तसं काही नव्हतं. यंदा राज्यात आरटीईच्या सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांवर. १० फेब्रुवारीला सोडत निघाली तेव्हा निवड झाली लाखाच्या आसपास मुलांची. तीन आयांनी वेळेत फॉर्म भरला, त्यातल्या दोघी रिकाम्या हातानेच राहिल्या. त्यात पुणे जिल्हा, जिथून राज्यात सगळ्यात जास्त अर्ज जातात. तुमची चुकली ती एक चिठ्ठी. ती चिठ्ठी निघालीच असती असं समजून तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी महिनाभर सुतक पाळलंय. समोरच्या बिऱ्हाडातले पेढे तुम्हाला दिसले. त्याच गल्लीत ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी काही वाटलं नाही, म्हणून ते दिसले नाहीत.

तारखेचं म्हणाल तर त्यात तुमचा दोष आहे, पण तुम्ही समजता तेवढा नाही. २०२४ साली या प्रवेशांचा सगळा विचका झाला होता. त्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के जागा द्यायला नकोत. एप्रिलमध्ये फॉर्म सुरू झाले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, मग ज्यांनी भरले होते त्यांनाही पुन्हा नव्याने फॉर्म भरायला लागले. जुलैत न्यायालयाने तो बदल रद्दच केला. तुमच्या शेजारणीने "उन्हाळ्यात" फॉर्म भरला तो या गोंधळातला. यंदा गाडी रुळावर आली आणि फॉर्म १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी उघडले. तुम्ही तिळगूळ वळत होतात. तीन-चार महिने आधी तारीख येईल हे शेजारणीच्या अनुभवावरून कळणार कसं?

चूक झाली ती २८ तारखेला. कॅफेवाल्याने "गेली" म्हटलं आणि तुम्ही मानलंत. आरटीईची तारीख वाढत नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, ओरड होते, चार-सहा दिवस वाढवून देतात. दाखला हातात होता, पुढचे सहा दिवस तुमचे होते. हे मी टोचायला लिहीत नाही. पुढच्या वेळी कॅफेवाल्याला विचारायचं नाही, पोर्टलवर सूचनांचं पान आपल्याच मोबाईलवर उघडायचं, आणि तारीख गेल्यावरही आठवडाभर रोज उघडायचं, एवढ्यासाठी लिहिते.

आता माझं एक ऐका. चौथीला शिष्यवृत्ती परीक्षा असायची तेव्हाची गोष्ट, पुढे ती पाचवीला गेली. माझ्या वर्गातली सहा पोरं तयार केली होती. डिसेंबरभर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून गणितं घेतली. पोरांनी फीचे पैसे आणून दिले, सुट्टे, काहींचे रुमालाच्या गाठीत. मी ते खाकी पाकिटात घातले, पाकिटावर सहा नावं लिहिली, आणि पाकीट कपाटात ठेवलं, वरच्या खणात, हजेरीच्या खाली. त्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. पाकीट मला सापडलं ते अंतिम तारखेनंतर नवव्या दिवशी, खडू शोधताना. मी कार्यालयात गेले, दोन तास बाकड्यावर बसले, हात जोडले. नाही झालं. मग सहा घरी जाऊन सांगितलं. पाच घरी चहा मिळाला. सहाव्या घरी, मुलीचे वडील मार्केट यार्डात हमाल होते, ते म्हणाले, "बाई, पैसे परत आणलेत का?" मी पाकीट दिलं. त्यांनी मोजले, खिशात घातले, आणि दार लावून घेतलं. ते दार मी अजून विसरले नाही. त्या मुलीचं पुढे चांगलंच झालं, पण ते माझ्यामुळे नाही, तेव्हा त्याचा आधार घेऊन मी स्वतःला सोडवत नाही. तुम्हाला सांगायचं एवढंच की "शिकलेली असून" हे वाक्य मलाही कोणी तरी ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी शिक्षिका होते.

तीस हजारवाल्याकडे वळू. सोडत संगणकावर निघते. निवड यादी आणि प्रतीक्षा यादी दोन्ही पोर्टलवर अर्ज क्रमांकानिशी लागतात. ज्याचा अर्जच नाही त्याचं नाव यादीत येणार कुठून? नंतर जागा रिकाम्या राहतात, दरवर्षी राहतात, पण त्या प्रतीक्षा यादीतल्यांना मिळतात, आणि त्या यादीतही अर्ज केलेलेच असतात. तेव्हा हा माणूस तीनपैकी एक काहीतरी करणार. पैसे घेऊन गायब होणार, हे त्यातल्या त्यात बरं. किंवा ऑगस्टपर्यंत "साहेब रजेवर आहेत" सांगत राहणार. किंवा तुमच्या नावाने खोटा कागद बनवणार, आणि हे सगळ्यात वाईट, कारण कागदावर सही तुमची असते. नागपुरात २०२४ साली आरटीईसाठी बनावट कागद लावल्याबद्दल पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. पत्ता खोटा, भाडेकरार खोटा, आणि आई-बाप चौकीत.

कोणी म्हणेल शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या, विनंती करा. द्यायचा तर द्या, पण मुदतीनंतरचा एकटा अर्ज आत घेण्याची सोयच त्या यंत्रणेत नाही. दोन दिवसांची मजुरी मोडून तुम्ही आवक-जावकचा शिक्का घेऊन याल. तेवढ्या वेळात चार साड्यांना फॉल लागतील.

पंचेचाळीस हजारांचं गणित तर तुमच्या दाखल्यावरच लिहिलेलं आहे. तहसीलदारांनी दाखला दिला की या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. त्या लाखातले पंचेचाळीस हजार एका पहिलीला? आणि ती फी आहे. गणवेश, बूट, वह्या, रिक्षाकाका, स्नेहसंमेलनाचा झगमगीत ड्रेस हे सगळं वेगळं. पहिलीत मंगळसूत्र गेलं, दुसरीत काय मोडणार? तिसरीच्या दुसऱ्या हप्त्याला शाळा पोरीला वर्गाबाहेर उभी करते. असं करायची परवानगी नाही, तरी होतं. मी असे दाखले लिहून घेतलेत. खासगी शाळेतून तिसरी-चौथीत आमच्याकडे आलेली पोरं, तोंड पडलेली, जणू त्यांनीच काही चोरलंय. त्या तोंडावर हसू यायला दिवाळी जाते.

आरटीईतही सगळं फुकट नसतं, हेही कोणी तरी सांगायला हवं. फी माफ असते, आठवीपर्यंत. बस, सहली, कधीकधी पुस्तकं-गणवेशही गळ्यात पडतात. आणि नववीत तीच शाळा पूर्ण फी मागते. तेव्हा मुलगी चौदाची, मैत्रिणी तिथल्या, आणि तुमच्यापुढे पुन्हा हाच प्रश्न. घेऊ नका असं म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून घ्या.

मग यंदा करायचं काय? माझ्या मते दोन वाटा आहेत, आणि दोन्हींवर एकदम चालायचं नाही.

पहिली वाट महापालिकेच्या शाळेची. जवळच्या शाळेत जा, पहिलीचं नाव घाला, विषय संपवा. इथे मुदतीची भीती नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे, १ एप्रिल २०१०पासून लागू. सगळे त्यातलं पंचवीस टक्क्यांचं कलम तेवढं पाठ करतात. त्याच कायद्यात कलम १५ आहे : वर्ष सुरू झाल्यावर, वाढीव मुदत संपल्यावरही मूल दारात आलं तर त्याला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मी स्वतः दिवाळीनंतर नावं घातलीत. एकदा नोव्हेंबरात एक मुलगी आली, आई-बाप वीटभट्टीवर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव घातलं, शेवटच्या नावाखाली निळ्या शाईत. शेजारच्या बाईंनी विचारलं, आता कशाला? म्हटलं, खिचडी अजून शिजतेय ना.

आणि खरं सांगू, तुम्ही महापालिकेच्या शाळेत जाल तर तुमच्यावर उपकार कोणी करणार नाही, उलट तुमचंच स्वागत होईल. पटावर शिक्षकांची पदं अवलंबून असतात. शाळेत मुलं वाढली की शिक्षक वाढतो, घटली की पद जातं. एका पोरीने एका बाईंची बदली वाचते. म्हणून पाडवा जवळ आला की शिक्षक वस्तीत घरोघर फिरतात, पट गोळा करायला. ३० मार्चला पाडवा आहे. तुमच्याही दारात कोणी येईल. पाणी द्या आणि प्रश्न विचारा.

काय विचारायचं? शाळा चांगली की वाईट हे रंगावरून कळत नाही. पहिलीचा वर्ग बघू नका, तिथे सगळीच गोड असतात. तिसरीच्या वर्गात जा, मागच्या बाकावरच्या पोराला म्हणा, "बाळा, हा धडा वाचून दाखव रे." मागच्याच, पुढच्याला नाही. तो अडखळत का होईना वाचतोय तर शाळेत शिकवतात. वर्ग किती आणि शिक्षक किती ते मोजा. मुलींचं स्वच्छतागृह उघडून बघा, पाणी आहे का, कडी लागते का. दुपारी जा, खिचडीचा वास बघा. सेमी-इंग्लिश आहे का विचारा. त्यात गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं, आणि तुमची इंग्लिश मीडियमची हौस त्यात बरीचशी भागते. पुणे महापालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत. तिथे मागणी जास्त असते, तेव्हा ती चौकशी जूनपर्यंत ठेवू नका. आणि अनुदानित मराठी शाळा विसरू नका. नाव मोठं, मैदान मोठं, आणि पहिलीचे बाक रिकामे, अशा कितीतरी शाळा पुण्यात आहेत.

दुसरी वाट, तुमचं मन आरटीईतच अडकलं असेल तर. मग मुलीला यंदा अंगणवाडीतच, नाहीतर बालवाडीत, अजून एक वर्ष राहू द्या आणि येत्या जानेवारीत फॉर्म भरा. नंबर लागला तर लागला. नाही लागला तरी जून २०२६मध्ये ती पावणेसात वर्षांची होऊन महापालिकेच्या पहिलीत जाईल, चांगली तरतरीत. पण यंदा पहिलीत घालायचं, मुलीला बाई आवडायला लागतात, मैत्रीण मिळते, आणि पुढच्या वर्षी नंबर लागला म्हणून तिला उचलून दुसरीकडे पुन्हा पहिलीत बसवायचं, हे मला पटत नाही. तिला वाटेल, मी नापास झाले. सहा वर्षांच्या पोरीला सोडत समजावून सांगता येत नाही.

मला विचाराल तर पहिली वाट. पण मी म्हातारी, महापालिकेची, माझ्या शब्दाला थोडा पक्षपात आहे, तो वजा करून घ्या. अंगणवाडीच्या सेविकेला विचारा. ती तुमच्या मुलीला रोज चार तास बघते. मुलगी पेन्सिल घट्ट धरते का, गोष्ट संपेपर्यंत बसते का, शू लागली तर सांगते का. तिचं उत्तर माझ्यापेक्षा खरं.

दुसरी वाट धरलीत तर कागद जानेवारीत शोधायचे नाहीत. उत्पन्नाचा दाखला ऑगस्ट-सप्टेंबरात काढा. जून-जुलैत कॉलेजच्या प्रवेशांची झुंबड असते आणि जानेवारीत तुमच्यासारख्या आयांची. अर्जाची पावती जपून ठेवा. दाखले मुदतीत देणं हे लोकसेवा हक्क कायद्याने त्यांच्यावर बंधन आहे, आणि पावतीवरची तारीख काउंटरवर बोट ठेवून दाखवली की आवाज चढवावा लागत नाही. तुम्ही भाड्याने राहता, तर भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला चालत नाही, आणि मालक नोंदणीला का-कू करतात, म्हणून तो विषय घरमालकाच्या बायकोकडे दिवाळीचा फराळ घेऊन जाल तेव्हा काढा. हे सगळे कागद फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आधीचे लागतात. नंतरची तारीख असली तर नंबर लागूनही पडताळणीत अर्ज बाद होतो, आणि ते दुःख यंदाच्या दुःखापेक्षा मोठं.

फॉर्ममध्ये नकाशावर घराची खूण करायची असते. ती कॅफेवाल्याला करू देऊ नका. तो घाईत खूण रस्त्याच्या पलीकडे टेकवतो आणि शाळेचं अंतर बदलतं. एका मुलीचे दोन फॉर्म भरू नका, चान्स वाढत नाही, दोन्ही जातात. आणि नंबर लागल्याचा एसएमएस येईल म्हणून वाट बघत बसू नका. तो कधी येतो, कधी नाही. सोडतीनंतर पडताळणीचीही एक तारीख असते, आणि पहिली तारीख गाठून ही दुसरी चुकवणारे पालक मी पाहिलेत.

राहिले तुमचे मिस्टर. हे पत्र त्यांना वाचायला द्या, एवढा भाग तरी.

दादा, तुमच्याकडेही मोबाईल आहे. टेम्पो लोडिंगला उभा असतो तेव्हा तुम्ही त्यावर काहीतरी बघताच. मुलगी तुमचीही आहे आणि तारीख दोघांचीही होती. बायकोने तहसीलच्या रांगेत उभं राहून दाखला काढला, कॅफेत तासभर बसली. तुम्ही त्या दिवशी कुठे होतात हे मी विचारत नाही, धंद्यावर असणार. पण महिनाभर न बोलून तुम्ही कोणाला शिक्षा करताय? घरात आई-वडील बोलत नाहीत हे पोरांना सगळ्यात आधी कळतं. आमच्या वर्गात अशी पोरं ओळखू येतात. ती चित्र काढताना घर काढतात आणि दार काढायचं विसरतात. पुढच्या वेळी भाडेकराराचं काम तुम्ही घ्या. घरमालकाशी बोलायला पुरुष माणूस गेलेला बरा असतो, निदान तुमच्या आईंना तरी तसं वाटेल.

सासूबाईंचं मी काही लिहीत नाही. पेढा खाता खाता बोललेलं फारसं मनावर घेऊ नये, तोंडात साखर असताना माणूस कडूच बोलतो. शाळेत नाव घालायला जाल तेव्हा त्यांनाच बरोबर न्या. नातीचं नाव रजिस्टरमध्ये चढताना आजी हजर असली की पुढे त्या गल्लीभर सांगतात, मीच घातलं.

या सोमवारी जा. सकाळी नको, प्रार्थना-हजेरीत कोणाला वेळ नसतो. मधल्या सुट्टीच्या आधी अर्धा तास जा, म्हणजे वर्गही बघता येईल आणि खिचडीही. मुलीला बरोबर घ्या, केस विंचरून, पण नवा फ्रॉक घालू नका, तिला मातीत खेळू द्या. जन्मदाखल्याच्या झेरॉक्स दोन काढा. एक कार्यालयात लागते, दुसरी तिथेच हरवते.